सर्वांत लहान प्रवासी

१

नवरा दूर होता, पण दूर म्हणजे नक्की किती, हे तिला लग्नाला दोन वर्षं झाली तरी नीट समजलं नव्हतं. फोनच्या काचेत तो रोज संध्याकाळी दिसायचा, चहाचा कप हातात धरून, मागे त्यानंच बसवलेला एसी घरघरत असायचा. एसी दुरुस्तीचं काम तो करत असे. हात पुढे केला तर त्याच्या गालाला लागेल असं वाटायचं. मग फोन ठेवला की समोर भिंत.

ढमीचा जन्म झाला तेव्हा त्याला सुट्टी मिळाली नाही. लेक पहिल्यांदा हसली ती त्यानं फोनमध्येच बघितली, तीही हसून झाल्यावर. ढमी साडेतीन महिन्यांची झाली आणि एका कुशीवर वळून अडकायला लागली, तेव्हा तो एकदम हट्टालाच पेटला.

"पालथी पडली का?"

"अजून नाही. अर्ध्यात जाते नि मग मदतीची वाट बघत बसते. अगदी बापावर गेलीय."

"मग आता थांबू नकोस. तिकीट काढतो. जन्मताना मी नव्हतो, हसताना नव्हतो. निदान पालथी पडताना तरी मला बघू दे गं."

"एवढ्याशा जीवाला घेऊन एवढं लांब?"

"लांब कुठलं! साडेसात हजार किलोमीटर. साडेनऊ तास. सकाळी बसायचं, दुपारी उतरायचं."

सातवीत शाळा सुटली तरी वेग-अंतराची गणितं तिच्या हाताला अजून होती. अंतर भागिले वेळ. भाजीच्या पिशवीवर पेन्सिलीनं तिनं भागाकार करून बघितला. ताशी जवळजवळ आठशे. आपल्याकडची बस साठच्या वर गेली की खिडक्या दातखीळ बसल्यासारख्या वाजतात, आणि हे आठशे!

"पूर्वी जहाजानं जायचे लोक," नवरा म्हणाला. "दोन-दोन, तीन-तीन महिने लागायचे."

"मग ते महिने गेले कुठं?"

"कुठं म्हणजे? वाचले."

त्याच्या दृष्टीनं विषय संपला होता.

२

निघायच्या दिवशी सकाळी ढमी झोपेत असताना तिनं तिची नखं कापली. दहाच्या दहा. बापाला पहिल्या भेटीत ओरबाडायला नको म्हणून. नेलकटर मोठ्या बॅगेत तळाला टाकलं, आणि ती बॅग विमानतळावर पट्ट्यावरून सरकत गेली.

नणंद पोचवायला आली होती. तिच्या तोंडाला तसाही आराम नसायचा. "वहिनी, विमानात खिडकी उघडायला जाऊ नकोस हं. आणि ढमीनं कुणाच्या अंगावर शी केली तर माझं नाव सांग, मीही केली होती मामाच्या लग्नात."

काउंटरवरच्या मुलीनं पासपोर्ट बघितले, ढमीची जन्मतारीख बघितली, परत एकदा बघितली. मग फोन उचलून हळूच कुणाला तरी म्हणाली, "हो, मिळालं. साडेतीन महिन्यांचं. नाही, हिच्याहून लहान कुणी नाही." फोन ठेवताना तिचा चेहरा असा मोकळा झाला की जणू हरवलेली किल्ली सापडली.

"ताई, आज सगळ्या विमानात तुमचंच बाळ सर्वांत लहान. पहिल्या रांगेतली जागा देते, पाळण्याची. जादा पैसे नाहीत."

"बघ," नणंद म्हणाली, "राजकन्येचा थाट! मला आयुष्यात कधी बसमध्ये खिडकी मिळाली नाही."

दोघी हसल्या. मग नणंदेनं ढमीची पापी घेतली, तोंड दुसरीकडे करून डोळे पुसले, आणि गर्दीत दिसेनाशी झाली.

३

पहिल्या रांगेसमोर भिंत होती. भिंतीला दोन कड्या, त्यांत हवाईसुंदरीनं पाळणा अडकवला. म्हटलं तर पाळणा, म्हटलं तर कापडाचा खोका. पाळण्याच्या वर, हात-दीड हातावर, टीव्हीसारखा पडदा. त्यावर नकाशा, नकाशावर एक बोटाएवढं विमान, आणि खाली दोन ओळी: उरलेलं अंतर, उरलेला वेळ.

तिच्या डाव्या हाताला एक जाडजूड मावशी बसल्या होत्या. लेकीच्या बाळंतपणाला निघाल्या होत्या. पट्टा बांधायच्या आधीच त्यांनी पिशवीतून पिवळी लोकर आणि सुया काढल्या. खिडकीशी टाय लावलेला एक माणूस. औषधांच्या कंपनीत होता आणि महिन्यातून एकदा या वाटेनं जायचा.

"पहिलाच प्रवास का, वहिनी?" टायवाल्यानं विचारलं.

"हो. जीव मुठीत धरून बसलेय."

"काही घाबरू नका. बाळ बरोबर असलं की विमान वेळेत पोचतं. मी इतक्या वर्षांत बघितलंय. मागच्या खेपेला एकही लहान मूल नव्हतं. काय हाल झाले विचारू नका."

"काय झालं होतं?"

"उशीर झाला," तो म्हणाला, आणि खिडकीबाहेर बघू लागला.

विमान वर चढून सरळ झालं. थोरली हवाईसुंदरी, केस घट्ट मागे बांधलेली, माईकवर बोलली. हवामान, उंची, जेवणाची वेळ. शेवटी म्हणाली, "आज आपल्या सर्वांत लहान प्रवासी पहिल्या रांगेत आहेत. त्यांना शांत झोप लागो." मागून टाळ्या वाजल्या. फार मोठ्यानं नाही, पण सगळ्यांनी वाजवल्या. तिला लाज वाटली नि बरंही वाटलं. एवढा मान तिला स्वतःच्या लग्नातही मिळाला नव्हता.

ढमीला पाळण्यात ठेवलं. आकडे खाली यायला लागले.

४

जेवणाची ताटली उचलून नेली, दिवे मंद केले. बाहेर मात्र लख्ख ऊन. विमान सूर्याच्या मागे धावत होतं, त्यामुळे सूर्य जागचा हलतच नव्हता.

ढमी कुरकुरली म्हणून तिनं पाळण्यात वाकून तिच्या गालावर हात फिरवला. ढमीनं तिचा हात पकडला आणि चर्रकन ओरखडा उठला.

तिनं हात वर करून बघितला. मनगटाजवळ बारीक लाल रेघ. मग ढमीची मूठ उघडून बघितली. नखं वाढलेली होती. एकदोन नव्हेत, सगळी. कडेला मळ धरण्याइतकी.

कापली नव्हती का मी? कापली होती. उजव्या करंगळीच्या वेळी ढमी दचकली होती, ते आठवत होतं. तुकडे कागदात गुंडाळून टाकले होते. मग ते काल असेल. काल तर नणंदेबरोबर बाजारात गेले होते. मग परवा. परवा असेल, आणि बाळांची नखं वाढतातच भराभर. डोक्याला ताप नुसता.

तिनं मनाची अशी समजूत घातली. मन लगेच गप्प बसलं, पण समजूत पटल्यासारखं नाही.

"मावशी, झालं की विणून!" काहीतरी बोलायचं म्हणून ती म्हणाली. मावशींच्या मांडीवर पिवळा स्वेटर जेमतेम वीतभर झाला होता.

"कसलं झालंय! हात चालतच नाहीत आज." मावशींनी स्वेटर उंचावून पाळण्यासमोर धरला, मापाला. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. "अगं, मी तुझ्या लेकीच्या मापानं टाके घातले होते. मघाशी बरोबर वाटलं होतं. हे तर बाहुलीचं निघालं."

"तुमच्या नातवंडाला होईल की."

"हो, होईल," मावशी म्हणाल्या. त्यांनी पाळण्यात आणखी एकदा डोकावून बघितलं, आणि त्यानंतर मुद्दाम बघितलं नाही.

५

पायमोजा पाळण्याबाहेर पडला होता. तिनं तो ढमीच्या पायात घालायचा प्रयत्न केला. टाचेच्या पुढे जाईना. सकाळी हेच मोजे ढिले होतायत म्हणून तिनं दोन्हींना रबर लावलं होतं. रबराचा वळ आता ढमीच्या दुसऱ्या पायावर उमटला होता, गच्च, लालभडक. तिनं तोही मोजा ओढून काढला.

विमानात पाय सुजतात म्हणे. नवऱ्यानंच सांगितलं होतं. पण केसही सुजतात का? ढमीचं जावळ कानावर आलं होतं.

ती बघत असतानाच ढमीनं एक पाय उचलला, कूस बदलली, क्षणभर नेहमीसारखी अडकली, आणि मग कुणाच्याही मदतीशिवाय, ओंडका पाण्यात फिरावा तशी सावकाश, पालथी पडली. मान वर काढली. आईकडे बघून हसली.

आईनं टाळी वाजवायला हात वर केले आणि ते तसेच राहिले.

हे बघायला तो थांबला होता. एवढ्यासाठी तर आले. आता काय करायचं, हिला उलटी करून ठेवायचं? तिनं खरंच तसं केलं. ढमीला उचलून पुन्हा उताणी ठेवली. ढमी पुन्हा पालथी पडली, आता कसलेल्या माणसासारखी, एका झटक्यात.

"काय हुशार बाळ आहे!" मागून कुणीतरी म्हणालं. संडासाकडे जाणारा एक गृहस्थ थांबला होता. त्यानं वाकून ढमीच्या अनवाणी पावलाला दोन बोटं लावली, ती बोटं कपाळाला लावली, आणि पुढे गेला. येताना पुन्हा लावली. त्याच्या मागून एक बाई आली, तिनंही तेच केलं.

६

ती स्वतः तोंड धुवायला गेली. मावशींना म्हणाली, "एवढं लक्ष ठेवा."

संडासाच्या आरशात तिनं स्वतःला नीट बघून घेतलं. डोळे लाल, केस विस्कटलेले, पण बाकी सकाळची तीच. वेड लागलं असतं तर चेहऱ्यावर काहीतरी दिसलं असतं. तोंडावर पाणी मारलं. विमानाचा आवाज इथं जास्त यायचा, पायाखालून, जात्यासारखा. काहीतरी दळल्यासारखा.

बाहेर येऊन ती संडासासमोरच्या कापडी पडद्याआड थांबली. पडद्याला थोडी फट होती. फटीतून अख्खं विमान दिसत होतं, रांगांमागून रांगा.

सगळे पुढे वाकले होते. झोपलेलं कुणी नव्हतं. कानातल्या तारा काढून, हातातली मासिकं मिटून, शेवटच्या रांगेपर्यंत सगळे एकाच जागी बघत होते. चुलीवर दूध ठेवलं की ते उतू जायच्या बेताला आपण जसं बघतो, तसं.

तिनं पडदा सारला. सगळे मागे टेकले. कुणी जांभई दिली, कुणी मासिक उघडलं. टायवाला घोरत होता.

७

ढमी भुकेनं रडली म्हणून तिनं तिला मांडीवर घेतलं, वर ओढणी ओढली, आणि पाजायला घेतलं.

"आई गं!"

"काय झालं पोरी?" मावशींनी दचकून विचारलं.

"चावली."

"हिरड्यांनी गं. सगळीच करतात."

तिनं ढमीच्या तोंडात बोट घातलं. खालच्या हिरडीत तांदळाच्या कणीसारखं काहीतरी टोचलं. शेजारी दुसरं. तिनं नुसतं समोर बघितलं.

पडद्यावरचं विमान थांबलं होतं.

उरलेलं अंतर, दोन हजार शंभर. ती बघत राहिली. एकाचाही फरक पडेना. ढमीचं पिऊन झालं, ढेकर काढून झाला, तरी दोन हजार शंभर. आवाजही बदलला होता. मघाशी दळल्यासारखा होता, आता रिकामा मिक्सर फिरावा तसा पोकळ. खिडकीबाहेर पंखाच्या टोकाशी एक ढग होता. तो तिथंच होता.

पडदा बिघडला असेल.

तिनं ढमीला पाळण्यात ठेवलं. आवाज भरला. दोन हजार नव्वद. ढग मागे गेला.

तिनं ढमीला उचललं. थांबलं. ठेवलं. चालू झालं.

विजेचं बटण असतं तसं. तिनं एवढ्या वेळा केलं की शेवटी ढमीला तो खेळ वाटला आणि ती खिदळायला लागली, दोन दात दाखवत.

मग तिनं लेकीला उचललं, पोटाशी धरलं, ओढणीनं दोघींना गुंडाळून गाठ मारली, आणि बसून राहिली.

८

मग मागे चुळबुळ सुरू झाली. खोकले. कुणीतरी घड्याळात बघून 'च्च' केलं.

थोरली हवाईसुंदरी आली. गुडघ्यावर बसून, अगदी मायेनं म्हणाली, "ताई, बाळाला पाळण्यात ठेवा ना. तुमचे हात भरून येतील."

"नाही येणार."

"नियम आहे तसा."

"कुठं लिहिलाय?"

ती हसली. लहान मुलानं अवघड प्रश्न विचारला की मोठी माणसं हसतात तसं. "थोडंच तर राहिलंय."

"थोडं म्हणजे किती?" तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "ती चालायला लागेपर्यंत?"

हवाईसुंदरी उठून उभी राहिली. नाही असं मात्र म्हणाली नाही.

टायवाल्यानं डोळे न उघडताच म्हटलं, "वहिनी, माझी दोन्ही मुलं या वाटेनं आलीत. चांगली धडधाकट आहेत. मोठा तर वयाच्या मानानं उंच आहे."

"तुम्हाला माहीत होतं?"

"काय?" तो म्हणाला, आणि कूस बदलली.

मावशींनी विणकाम पिशवीत ठेवलं. सुया नीट लोकरीत खोचल्या. मग तिच्या गुडघ्यावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाल्या, "पोरी, मला यातलं काही कळत नाही, आणि मी काही विचारणारही नाही. पण माझी लेक तिथं एकटी आहे. कालपासून तिला कळा येतायत. पहिलटकरीण आहे. तूही आई आहेस. मला पोचू दे गं."

"माझी लेक जातेय ना, मावशी."

"कुठं जातेय? मोठी होतेय. त्या आज ना उद्या होतातच. तुला वाटतंय तू धरून ठेवशील?"

तिला रडू आलं नाही. रडायला कुठूनतरी सुरुवात करावी लागते, आणि हे सगळं कुठून सुरू झालं तेच तिला सापडत नव्हतं. आठशेच्या वेगापासून? काउंटरपासून? ढमी तिच्या गळ्याशी तोंड घालून झोपली होती. कालच्यापेक्षा जड. सकाळपेक्षा जड.

तिनं पाळण्यात पर्स ठेवून बघितली. काही नाही. दुपट्याची गुंडाळी ठेवून बघितली, त्यावर ढमीचं टोपरं घातलं. देवाला फसवावं तसं. आकडा हलला नाही. मागून कुणीतरी हसलं, कीव आल्यासारखं.

दुपटं काढायला ती वाकली. डावा हात पाळण्याच्या तळाला टेकला. गादी उबदार होती, आणि त्या उबेखाली काहीतरी अगदी मंद हालचाल होती, झोपलेल्या जनावराच्या पोटासारखी.

इंजिनाचा आवाज भरला.

९

तिनं हात तसाच ठेवला.

पडद्यावर आकडा उतरला. ढमीच्या वेळी उतरायचा त्यापेक्षा सावकाश, चढावर सायकल न्यावी तसा, पण उतरला.

हवाईसुंदरी अजून जवळच उभी होती. तिनं पाळण्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. मग निळं पांघरूण आणून ते हातावर कोपरापर्यंत नीट ओढलं, कडा खाली खोचल्या.

"हेही चालतं," ती म्हणाली. "फक्त काढू नका आता मधेच."

फारसं दुखत नव्हतं. फार वेळ एका कुशीवर झोपल्यावर हात जसा बधिर होतो, तसं होतं. मधूनच सांध्यांत कळ यायची, बोटाच्या पेरापेरात, आणि मग तिथं थंडी भरायची. उजव्या हातात ढमी. तिला खाजवावंसं वाटलं, केस मागे करावेसे वाटले, पण एका हाताला लेक होती आणि दुसऱ्या हाताला जे होतं ते होतं. मावशींनी तिच्या कपाळावरची बट कानामागे सारली. तिनं वळून बघितलं नाही.

एकदा तिला पांघरुणाखाली काय आहे ते बघावंसं वाटलं. ढमीला मांडीवर टेकवून तिनं उजव्या हातानं कोपऱ्याला चिमूट लावून ते किंचित उचललं. आत अंधार होता, आणि अंधारात काहीतरी पांढुरकं, शिरांचं, जे हलवलं तर तिच्याच इच्छेनं हललं.

तिनं पांघरूण पुन्हा खोचलं. उतरेपर्यंत ती पडद्याकडे बघत बसली.

चाकं जमिनीला लागली तेव्हा टाळ्या वाजल्या. माईकवर पाऊण तासाच्या उशिराबद्दल माफी मागितली गेली. लोक वरच्या सामानाला झोंबले. जाताना पहिल्या रांगेशी कुणी थांबलं नाही, कुणी पावलाला हात लावला नाही. बसमधून उतरल्यावर बसकडे कोण वळून बघतं? मावशी तर पळतच गेल्या, पिशवीतून पिवळा धागा मागे लोंबत.

तिनं न बघता हात बाहेर काढला आणि ओढणीच्या टोकात गुंडाळला.

दारापाशी हवाईसुंदरी मागून आली. तिच्या तळव्यावर कागदी रुमाल होता, त्यात अंगठी.

"ताई, पाळण्यात राहिली होती तुमची. सैल झाली असेल."

१०

पुढे काचेचा पिंजरा, आत एक तरुण अधिकारी. त्यानं उजवी बोटं काचेवर टेकवायला सांगितली. हिरवा दिवा लागला. मग डावी.

ओढणी काढावी लागली. ती मान वळवून दुसरीकडे बघत राहिली. यंत्र दोनदा कुरकुरलं, लाल दिवा लागला. अधिकाऱ्यानं ओला रुमाल दिला, बोटं पुसायला सांगितली. पुन्हा लाल.

"ठसे घासून गेलेत," तो म्हणाला. नजर यंत्रावरच होती. "म्हाताऱ्या माणसांचे होतात असे." मग त्यानं मान वर करून तिचा चेहरा बघितला, पासपोर्टवरचं वय बघितलं, हात बघितला. बराच वेळ शिक्का हवेत राहिला. मागे रांग वाढत होती.

"जाऊ द्या," तो म्हणाला, आणि शिक्का मारला.

११

नवऱ्यानं खोली झाडून-पुसून लख्ख केली होती. भाड्याची एकच खोली, एक पलंग, भिंतीला एसी, खिडकीत दुपारचं ऊन. जमिनीवर त्यानं नवी कोरी सतरंजी अंथरली होती, चारी कोपरे ताणून. विमानतळापासून गाडीत तो ढमीला घेऊनच बसला होता आणि सारखा एकच बोलत होता, "फोनमध्ये केवढीशी दिसायची! केवढी वजनदार आहे गं!"

"चला बाईसाहेब," त्यानं ढमीला सतरंजीच्या मधोमध उताणी ठेवलं आणि स्वतः समोर पालथा पडला, हनुवटी हातांवर टेकून. "आता दाखवा बघू कसं पालथं पडायचं. मी आहे हं. बघतोय."

ढमी एका झटक्यात पालथी पडली. मग उठून बसली. मग हात टेकून, गुडघ्यांवर, भराभर रांगत बापाला ओलांडून पलंगापाशी गेली आणि पलंगाची कड धरून डुलत उभी राहिली.

तो तसाच पडून, मान वळवून लेकीकडे बघत राहिला.

"ही रांगते," तो म्हणाला.

"हो."

"कधीपासून?"

"सकाळपासून."

"चेष्टा करू नकोस." तो उठून बसला. त्याच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "फोनवर दाखवायचीस ते जुनं होतं ना? मला वाईट वाटू नये म्हणून लपवत होतीस. आधीच पडली होती पालथी. सगळं झालं होतं."

खरं सांगायला तिनं तोंड उघडलं. साडेसात हजार किलोमीटर, साडेनऊ तास. त्यातलं कुठलं वाक्य आधी सांगायचं?

"हो," ती म्हणाली. "चुकलंच माझं."

त्यानं मान हलवली. मग तिची समजूत काढायची म्हणून, तो होताच तसा, तिच्याजवळ सरकला आणि तिचा हात हातात घ्यायला ओढणी बाजूला केली.

खिडकीतलं ऊन हातावर पडलं. तिनं तेव्हाही बघितलं नाही. त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. तो काही ओरडला नाही. त्याचा अंगठा तिच्या हाताच्या पाठीवरून सावकाश फिरला, कातडी पुढे सरकली आणि मागे यायला तिला वेळ लागला.

"आईचा हात असा झाला होता," तो म्हणाला. "शेवटी शेवटी."

त्यानं हात मात्र सोडला नाही. ढमी पलंगाच्या कडेनं एक पाऊल बाजूला टाकून बघत होती.

"परतीची तिकिटं काढलीत मी," थोड्या वेळानं तो म्हणाला. घर शांत झालं की तो असंच काहीतरी कामाचं बोलायचा. "तीन महिन्यांनी. मलाही सुट्टी मिळालीय, बरोबरच जाऊ. पाळण्याचीच जागा मागितलीय, पहिली रांग."

तिनं हात काढून घेतला आणि ओढणीत ठेवला.

"अहो, त्या विमानात हिच्याहून लहान कुणी असेल का?"

"असेल की. त्या दिवसांत बायका बाळंतपणं उरकून घरी परततात. महिन्या-दीड महिन्याचं एखादं असणारच."

"नक्की?"

"नक्की. का गं?"

"काही नाही," ती म्हणाली. "असू दे."

आणि सकाळपासून पहिल्यांदाच तिला भूक लागल्यासारखं वाटलं.